चारशे सत्तर जमा

मिरज. १७ नोव्हेंबर २०१६, गुरुवार, सकाळचे साडेनऊ. बँकेचं शटर कमरेएवढं वर आलंय आणि रांग झेरॉक्सच्या दुकानाला वळसा घालून रसवंतीच्या पुढे गेलीय. बाप्यांची एक, बायकांची एक, मध्ये नायलॉनची दोरी. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याला आज नववा दिवस. चलनातल्या रकमेपैकी ८६ टक्के याच दोन नोटांत होती, असं पेपरवाले रोज छापतात. इथे तो आकडा कुणाला समजावून द्यावा लागत नाही. भरलेला फॉर्म, आधारची झेरॉक्स आणि साडेचार हजारांपर्यंतच्या जुन्या नोटा आत द्यायच्या. हातात येतात दोन हजाराच्या दोन गुलाबी नोटा आणि नशीब असेल तर शंभराच्या पाच. त्या पाचांसाठीच खरी रांग आहे.

अथणी-रायबागकडून आलेले पेशंटचे नातेवाईक कानडीत बोलतायत. मार्केट यार्डातले हमाल आहेत, नर्सिंगच्या पोरी आहेत. माझी आत्या खुबा मोडून इथल्या एका खाजगी दवाखान्यात वरच्या मजल्यावर आहे आणि मी खाली. खाली म्हणजे दवाखान्याच्या मेडिकलपाशी, नाहीतर या रांगेत.

माझ्या पुढचा माणूस पस्तिशीचा. हातावर मरून रंगाचा डगला घडी करून टाकलाय, त्याच्या खांद्यावरची सोनेरी झालर लोंबतेय. काखेत रेक्झिनची लांबट पेटी. तोंडात काहीतरी धरून तो सारखी जीभ फिरवतोय. मधेच ते काढून उजेडात धरतो तेव्हा कळतं, क्लॅरिनेटची रीड आहे. अंगठ्याच्या नखाएवढी रुंद चपटी पट्टी, टोकाला इतकी पातळ की पलीकडचं बोट दिसावं. कडेला बारीक चीर गेलीय. दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं तो टोक किंचित खरवडतो, अंगठ्यावर दाबून बघतो, पुन्हा तोंडात घालतो.

"नवी का आणत न्हाई, मास्तर?" मागचा हमाल विचारतो.

"सुट्टं न्हाई."

आजूबाजूचे हसतात. गेल्या आठवड्यापासून गावात कुठल्याही प्रश्नाला हे एकच उत्तर चालतं.

"मग एक झिंगाट तरी होऊ द्या. तेवढाच टाइमपास."

"सुपारीबिगर वाजवत न्हाई," मास्तर म्हणतो. चिडून नाही, दर सांगतात तसं.

बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे. कुठलं गाणं कधी सोडायचं, कुठे चाल वाढवायची, ढोल कधी थांबवायचा, सगळं त्याच्या भुवईच्या इशाऱ्यावर चालतं. मान त्याचा. पैसा मालकाचा. दोरीच्या पलीकडे, बायकांच्या रांगेत, आमच्या अगदी समोर दवाखान्याच्या मेडिकलमधली ताई उभी आहे. पांढऱ्या अ‍ॅप्रनच्या खिशाला तीन पेनं. तिला मालकानं पाठवलंय. "पैसे मालकाचे, आधार माझं," असं ती शेजारणीला सरळ सांगते. या रांगेतल्या निम्म्या लोकांची हीच कथा असावी, पण सांगते ती एकटीच.

मग समोर बघतच, मान न वळवता, ती म्हणते, "गोळ्या परवाच नेल्यात. आज यायचं काम न्हाई."

मास्तर तोंडातली रीड काढतो. "दोनच नेल्यात, मॅडम."

"मग एकदम दहा न्यायच्या की."

"एकदम दहा नेल्या तर लवकर संपतील."

हमाल विचारात पडतो. मला मात्र यातलं थोडं ठाऊक आहे, कारण हिशेब सुरू झाला तेव्हा मी मागेच उभा होतो. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर मेडिकलवाल्यानं जुनी नोट घ्यावी, अशी सरकारनं सवलत दिलीय. मास्तर आईच्या बीपीच्या गोळ्यांना जुनी पाचशेची घेऊन आला. पट्टी तीस रुपयांची. चारशे सत्तर परत द्यायला गल्ल्यात काही नव्हतं. मालक म्हणाला, परत पाठव. तिनं नोट ठेवून घेतली, चिठ्ठीच्या पाठीवर '४७० जमा' लिहिलं, वर दुकानाचा शिक्का मारला आणि चिठ्ठी मास्तरच्या हातात दिली. रोज एक गोळी, म्हणजे पट्टी दहा दिवस पुरायची. पट्टी संपायच्या आत मास्तर पुन्हा हजर. दोन गोळ्या द्या म्हणे. तिनं कात्रीनं पट्टी कापली, तारखेचा तुकडा आपल्याकडे ठेवला, सहा रुपये वजा केले. ४६४. आईची प्रकृती बरी आहे, आणि मास्तरची जमा फार हळू उतरतेय.

सव्वाअकराच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागतात. उद्यापासून साडेचार नाही, दोनच हजार बदलून मिळणार. रांग पुढे रेटली जाते, दोरी कुणाच्या तरी गळ्यापर्यंत येते, वॉचमन काठी आपटतो. दुसरी बातमी मागून येते: ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना खात्यातून अडीच लाख काढता येतील. पहिल्या बातमीनं न हललेला मास्तर दुसऱ्या बातमीला गर्रकन वळतो. "कुणाला? कसे? कवापासनं?" तुळशीचं लग्न लागून आठवडा होत आला. एरवी या दिवसांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. यंदा तीन सुपाऱ्या मोडल्यात. एका पार्टीनं तर विसाराचे पैसे परत मागितलेत, तेही शंभरात.

बायकांची रांग भराभर सरकते. ती आत जाऊन येते. जाता जाता म्हणते, "शंभराच्या संपत आल्यात." तो मान हलवतो. अर्ध्या तासानं तोही आत जातो आणि लगेच बाहेर येतो. त्याच्याकडे तीन जुन्या नोटा, दीड हजार. शंभराच्या संपल्या, आणि दोन हजाराच्या नोटेखाली द्यायला कॅशियरकडे दुसरं काही उरलेलं नाही. आणखी पाचशे घेऊन या, म्हणाला म्हणे. बदलून घ्यायला पैसे कमी पडले, हे ऐकून हमाल कपाळाला हात लावतो. मास्तर डगला झटकतो, अंगात घालतो, बटणं लावतो आणि पेटी उचलून कुठल्याशा हळदीला निघून जातो.

मिरजेत दोन गोष्टी मुबलक: दवाखाने आणि वाद्यं. वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे इस्पितळ काढलं, तेव्हापासून कर्नाटकाची सरहद्द ओलांडून पेशंट येतायत. तलवारी पाजळणाऱ्या शिकलगारांच्या घरातले लोक तंतुवाद्यांकडे वळले आणि देशभरच्या गवयांच्या मागे मिरजेचे तंबोरे उभे राहिले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. तिथल्या उरुसात मोठमोठे कलावंत हजेरी लावायला येतात. बँडवाला या सगळ्यात कुठेच बसत नाही. त्याचं वाद्यसुद्धा मिरजेचं नाही. मेरठहून येतं, बहुतेक दुसऱ्या हातानं. गाव सुरांचं म्हणून मिरवतं तेव्हा त्या यादीत मास्तर नसतो. लग्नात मात्र त्याच्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नाही. हल्ली डॉल्बीनं तेही कमी केलंय.

मेडिकलसमोरच्या गल्लीत चहाची गाडी आहे आणि गाडीला लागून बँडचं ऑफिस. ऑफिस म्हणजे पत्र्याचं खोकं, आत एक ढोल, एक खुर्ची, देवाचा फोटो. २३ तारखेच्या दुपारी मी आत्याचा थर्मास घेऊन चहाला उभा आहे आणि खोक्यात बोलाचाली चाललीय. नवऱ्या मुलाचे वडील कागद घेऊन आलेत. लग्नासाठी अडीच लाख काढायचे तर रिझर्व्ह बँकेचे नियम आलेत: पत्रिका जोडा, हॉलची आणि आचाऱ्याची पावती जोडा, आणि ज्यांना दहा हजार किंवा जास्त रोख द्यायचे त्यांची यादी द्या. त्या प्रत्येकानं लिहून द्यायचं की माझं बँकेत खातं नाही. बँडचे ठरलेत बारा हजार.

"पण माझं खातं हाय!" मालक ओरडतो. "दोन वर्सांमागं तुम्हीच सगळ्यांनी काढा म्हणून मागं लागला. आता न्हाई म्हणून सही करू?"

"मग चेक देतो."

"चेक वठवायला परत रांगेत मीच. पोरांना रोज काय चेकानं देऊ?"

"मग नऊ हजारात वाजवा. दहाच्या आत बसतंय."

हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मालक दोन मिनिटं गप्प बसतो, मग बोटं मोजायला लागतो. सोळांचा ताफा सातांवर येतो. एक ट्रम्पेट, एक साइड ड्रम, दोन ढोल, एक युफोनियम, खुळखुळेवाला पोरगा. आणि मास्तर. तो बाकावर बसून क्लॅरिनेटच्या एका चावीशी झटापट करतोय. चावीखालची स्प्रिंग तुटलीय, चावी दाबली की वर येत नाही.

तो उठतो, गल्ली ओलांडतो. मीही निघालोच आहे. काउंटरवर गर्दी नाही.

"रबर हाय का, मॅडम?"

ती ड्रॉवरमधून पिवळं रबर काढते, पट्ट्या बांधायचं. एक काढते, मग जाडसर दुसरं शोधते. "कशाला?"

तो पेटी काउंटरवर ठेवून दाखवतो. चावीवरून रबराचे दोन वेढे, खालच्या दांडीला अडकवायचं. चावी टपकन वर येते. ती एका बोटानं दाबून बघते. पुन्हा दाबते. "वाजतंय कसं पण? मी कधी ऐकलंच न्हाई. हिथं आला की तुम्ही गप होता."

खरं आहे. दवाखान्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. पाटी आहे, हवालदारही असतो. या रस्त्यावरून मास्तर शेकडो वराती घेऊन गेला असेल, पण मेडिकलसमोरून दरवेळी मुक्यानं, वाद्य काखेत मारून.

"रबराचं किती?" तो विचारतो.

"जमातनं कापते," ती म्हणते आणि काहीच लिहीत नाही.

इतक्यात रिक्षा थांबते. तिचा भाऊ दुपारचा डबा घेऊन आलाय. मास्तर पेटी मिटतो आणि काही न बोलता गल्ली ओलांडून जातो. भाऊ डबा ठेवतो, त्याच्या पाठीकडे बघतो, मग माझ्याकडे. मी आत्याच्या इंजेक्शनची चिठ्ठी पुढे करतो. 'सैराट' लागून सहा-सात महिनेच झालेत. त्यातली गाणी गावोगावच्या वरातीत वाजतायत, लोक बेभान नाचतायत. पिक्चरचा शेवट मात्र नाचताना कुणी मनात आणत नाही. म्हणून जे दिसतं ते मी कुणाला सांगत नाही, आत्यालाही नाही. आत्या वर पडल्या पडल्या विचारते, खाली एवढा वेळ काय करतोस? गर्दी, म्हणतो.

वरात निघते ती रात्री साडेआठला. मी दवाखान्याच्या पायरीवर आहे. लांबून झिंगाट ऐकू येतं, पाटीजवळ आल्यावर तुटतं. मग नुसती पावलं, घोड्याच्या टापा, जनरेटरची घरघर. पेट्रोमॅक्सची जागा घेतलेले ट्यूबलाइटचे खांब डोक्यावर घेऊन बायका पुढे चालल्यात. ड्रमवाल्यानं कातड्यावर पंजा ठेवलाय. मास्तर मधोमध, टोपी सरळ, क्लॅरिनेट काखेत, पिवळं रबर लांबूनही दिसतंय. मेडिकलसमोर आल्यावर तो मान वळवत नाही. वळवायची गरजच नसावी, कारण ती शटर निम्मं ओढून, हाताखालच्या पोराला गल्ला सांभाळायला सांगून आधीच रस्त्यावर उतरलीय आणि वरातीच्या कडेकडेनं चालतेय. पाटी संपते तिथे कोपऱ्यावर एक सायकलचं दुकान आहे. त्याच्या कट्ट्याला टेकून ती उभी राहते. मी थोडा मागे, थर्मास घेऊन.

हवालदार हात हलवतो आणि बँड सुटतो. पोरं पुन्हा झिंगाटवर उड्या मारायला लागतात. एरवी इथे दहाच्या नोटा निघाल्या असत्या: नवरदेवावरून ओवाळायच्या आणि मास्तरच्या टोपीच्या पट्टीत खोचायच्या. रोजाच्या वर तीच खरी कमाई. आज एक काका खिशात हात घालतात, दहाची नोट काढतात, तिच्याकडे बघतात आणि परत आत ठेवतात. गुलाबी नोट कोण ओवाळणार?

गाणं संपतं. ढोलवाले दम खातात, आणि त्या मोकळ्या जागेत मास्तर एकट्यानं काहीतरी सुरू करतो. संथ, भैरवीच्या अंगानं जाणारं. हातात ताल नाही, घाई नाही. खरं सांगायचं तर फार थोर वाजत नाही. खालचे सूर गोल आणि भरीव आहेत, वर गेला की फुंक फाटते. एकदा तर स्वच्छ चिरकतं. पण मुरक्या घेतोय, एकीतून दुसरी काढतोय, थांबायचं नाव नाही. बँडच्या मास्तरला असं कुणी कधी वाजवू देत नाही, हे त्याच्या वाजवण्यावरूनच कळतं: जेवढं येतं तेवढं सगळं एका दमात मांडायला निघालाय.

"ए मास्तर, झोपवतूस काय!" नाचणाऱ्यांतून आवाज येतो.

मालक गाडीवरून वाकतो. "मास्तर! लगीन त्यांचं हाय!"

आख्खी वरात हसते. ढोल पडतो, चाल बदलते. ती हसत नाही. पदराचं टोक तोंडाशी धरून कट्ट्याजवळ उभी राहते, मग घड्याळ बघते आणि भराभर दुकानाकडे परत जाते.

शनिवारी सकाळी आत्याला सोडणार. वरच्या बिलाचं कसंबसं निस्तरलंय. खाली शेवटची औषधं घ्यायचीत. काउंटरवर मास्तर माझ्या आधी उभा आहे, आज साध्या शर्टात. बाहेर ट्रम्पेटवाला आणि ड्रमवाला बिडी ओढत थांबलेत. मालकानं हिशेब केलाय: तिघांत मिळून दोन हजाराची एक नोट. मास्तरचे आठशे, त्या दोघांचे सहाशे-सहाशे. आता ती मोडायची कुठे? पानपट्टी झाली, किराणा झाला, पेट्रोल पंप झाला.

तो नोट काउंटरवर ठेवतो. "दोन गोळ्या."

ती नोटेकडे बघते, त्याच्याकडे बघते, बाहेरच्या दोघांकडे बघते. दुकानाचा मालक आत बिलं लावतोय. ती गल्ला उघडत नाही. खालच्या कप्प्यातून आपली पर्स काढते, पर्समधून घडी केलेलं पाकीट, पाकिटातून शंभराच्या नोटा. या महिन्यात मी कुणाकडे एकत्र एवढ्या शंभराच्या पाहिल्या नाहीत. थुंकी न लावता, एकेक सुटी करून ती मोजते. बारा. मग थोडं थांबून आणखी एक वर ठेवते.

"ही कशाची?"

"चिरकत हुतं ते काय हुतं?"

"रीड. तडकलीय."

"तिची. आधी ती आणा."

दोन हजाराची नोट तिच्या पर्समध्ये जाते. सातशे तिच्याकडे राहिले. तो चिठ्ठी मागत नाही, ती लिहीत नाही. कात्रीनं पट्टी कापून दोन गोळ्या पुढे सरकवते. "आणि अहो, आईला एकदा दाखवून न्या. नुसत्या गोळ्यांवर किती दिवस?"

"आणतो की. सोमवारी." आज 'मॅडम' नाही.

तो बाहेर जातो. ट्रम्पेटवाला नोटा उलटसुलट करून बघतो, खऱ्या आहेत ना याची खात्री करतो. मी आत्याची चिठ्ठी पुढे करतो. तीनशे चाळीस होतात. माझ्याजवळही तीच आहे, कोरी, गुलाबी. ती मी काउंटरवर ठेवतो.

ताई नोट न उचलता माझ्याकडे बघते. चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही.

"सुट्टे नाहीत, काका. जमा लिहून ठेवू का?"